थांबणाऱ्यांचा घाट

मे महिन्यात सोलापुरात सायकल चालवायची तर सूर्याला चुकवावं लागतं. पहाटे अंधारात निघायचं, विजापूर रोडला लागायचं आणि तो पुरता वर यायच्या आत घरी परतून माठाकडं धावायचं. जरा उशीर झाला की संपलंच. डांबर मऊ पडतं, टायरखाली चिकट आवाज यायला लागतो आणि समोरून येणारा वारा भट्टीचं दार उघडं राहिल्यासारखा तोंडावर येतो. यंदाही मे आला, यंदाही मला उशीर झाला. आज परत येताना एका बोअरपाशी थांबले, खांद्यावरचा टॉवेल पाण्यात बुडवला आणि न पिळताच डोक्यावर टाकला. पाणी मानेवरून पाठीत उतरलं आणि मला एकदम मोठ्यानं हसू आलं. बोअरवर कपडे धुणारी बाई संशयानं बघायला लागली. ह्याच ओल्या टॉवेलानं मला एकदा हिमालयात गोत्यात आणलं होतं, हे तिला कुठून सांगत बसू? मी आपली सायकल काढली आणि घरी आले.

त्या वर्षीचा उन्हाळाही असाच होता, फक्त त्यात एक वेड शिरलं होतं. मी आणि माझी मैत्रीण शिवलीला, आम्ही दोघींनी लडाखात जाऊन खार्दुंग-ला सायकलवरून चढायचं ठरवलं होतं. ला म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड. मी शाळेत विज्ञान शिकवते. उंचावर हवा विरळ होते, पाणी लवकर उकळतं, हे फळ्यावर लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले, पण स्वतः मी तुळजापूरच्या घाटाहून उंच कधी गेले नव्हते. आपण मुलांना इतक्या ठामपणे सांगतो ते खरंच तसं असतं का, हे एकदा स्वतःच्या छातीनं तपासून बघावं, असं फार दिवस मनात होतं. शिवलीलाचं कारण याहून सोपं होतं. तिच्या नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान आहे, घरात माणसं भरपूर, सगळी कन्नड बोलणारी, आणि त्यातल्या एकाचाही ही बाई जाईल यावर विश्वास नव्हता. तिला तेवढं पुरलं.

पण सपाट गावात राहून डोंगराची तयारी करायची कशी? सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. आम्ही पहाटे त्या पुलावर चढायचो, उतरायचो, वळायचो आणि परत चढायचो. फिरायला येणारी मंडळी पहिले काही दिवस कौतुकानं बघायची, मग काळजीनं बघायला लागली. एका काकांनी शेवटी हात आडवा धरून विचारलंच, "ताई, काय हरवलंय का तुमचं?" रविवारी तुळजापूरचा घाट. आणि बाकीच्या दिवशी, संध्याकाळी, ऊन कललं तरी वारा कललेला नसायचा तेव्हा, मुद्दाम त्याच्या तोंडावर सायकल घालायची. "डोंगर न्हाई तर न्हाई," शिवलीला म्हणायची, "वारा हाय की आपल्याकडं. त्योच ढकलायचा." तो वारा ढकलताना खरोखरच चढ चढल्यासारखं वाटायचं. फरक एवढाच की चढ कधीतरी संपतो आणि मग उतार लागतो. सोलापूरचा वारा असा प्रामाणिक नाही. आपण परत फिरलो की हाही फिरतो.

वजन बांधून सराव करायची कल्पना नान्नांची. नान्ना म्हणजे माझे वडील. आमचं घर पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि भांडताना दोन्ही. नान्नांनी जन्मभर यंत्रमागावर टॉवेल विणले. तरुणपणी काळ्या सायकलच्या कॅरिअरवर टॉवेलांचा गठ्ठा बांधून ते गावभर फिरायचे. त्याच सायकलवर मी शिकले, नळीतून पाय घालून. आता आमचा सराव बघून त्यांनी फर्मावलं, "मोकळ्या सायकलीवर काय डोंगर चढतीस? मागं गठ्ठा बांद." आम्ही बांधला. मग पुलावर एक स्कूटरवाला शेजारी येऊन विचारू लागला, "टॉवेल कसे दिलाव?" मी कपाळावर हात मारला, पण शिवलीला दुकानदाराची बायको. तिनं सायकल कडेला घेतली आणि गठ्ठा सोडून रंग दाखवायला सुरुवात केली.

नान्ना मात्र ही गंमत ऐकायचे ते घरात बसून. मागावरचा कापूस इतकी वर्षं उडत होता, त्यातला थोडा त्यांच्या छातीत जाऊन बसला होता. माग सुटला तरी छातीतला कापूस सुटला नाही. चार पावलं चाललं की धाप लागायची, मग हात टेकवून उभं राहावं लागायचं. त्याचंही त्यांना काही वाटायचं नाही. पण एकदा चष्मा बदलायला म्हणून सात रस्ता चौकापर्यंत गेले आणि तिथं फुटपाथवर दम लागला. विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. बघता बघता माणसं जमली. कुणी पाणी पुढं केलं, कुणी रिक्षा थांबवली, कुणी घरचा नंबर मागितला. नान्नांना बोलायला हवा पुरेना, त्यामुळं कुणालाच उत्तर देता येईना. गर्दीतली एक बाई म्हणाली, "पिऊन आलाय म्हातारा." आयुष्यात विडीलाही शिवले नाहीत ते. घरी येऊन हा किस्सा त्यांनी हसत सांगितला, नक्कल करून सांगितला, आणि त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "यांना चालवा. रोज. थांबत थांबत चालू दे, पण चालू दे. बसून राहिले तर आहे तेवढाही दम राहणार नाही, मग खाटेवरून उठणंही अवघड होईल." मी हे नान्नांना सांगितलं, समजावलं, रागावले, एकदा रडलेसुद्धा. ते शांतपणे ऐकायचे. "चालाय माझी ना न्हाय, अम्मा," असं म्हणायचे. आमच्याकडं लेकीलाही लाडानं अम्मा म्हणतात. "पण त्यो डाक्टर म्हनतो थांबत थांबत. चालायची लाज न्हाय वाटत. थांबायची वाटती." खाट आणि मोरी, मोरी आणि खाट, एवढाच त्यांचा रस्ता उरला होता आणि तोही दर महिन्याला थोडा लांब होत चालला होता.

विषय बदलायचा झाला की ते डोंगर काढायचे. माणूस मोठा चौकस. "तितली हवा येगळी असती व्हय गं?" मी शिक्षकी थाटात सांगितलं की हवा तीच असते, फक्त विरळ होते, एका श्वासात थोडी कमी येते. त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे कापडाचा पन्ना त्योच, पन वीण इरळ." इतकी वर्षं शिकवून मला हे असं कधी सांगता आलं नव्हतं. पुढच्या वर्षापासून मी वर्गात तसंच सांगते आणि सोलापूरच्या मुलांना ते लगेच कळतं. नान्नांचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग तितली लोकं काय करत्यात? ती काय दोन दिस ऱ्हाऊन परत येत न्हाईत. रोज थोड्या हवेत जगायचं म्हंजे कसं जमवत्यात?" मी पुस्तकातलं सांगायला लागले, रक्त, तांबड्या पेशी वगैरे. त्यांनी हातानंच थांबवलं. "ते नगं. चालत्यात कसं, बसत्यात कसं, ते बगून ये." मी हो म्हटलं. माझ्या लडाखच्या प्रवासाला आता माझ्यापेक्षा मोठा प्रश्न जोडला गेला होता.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी, आम्ही लेहला पोहोचलो. उतरल्या उतरल्या पिशवी उघडली तर शेंगाचटणीचं पाकीट फुगून उशीएवढं झालं होतं. शिवलीला म्हणाली, "अय्यो शिवने, चटणी फुटती की काय!" मला मात्र त्या पाकिटाकडं बघून काय आनंद झाला! फळ्यावरचं वाक्य समोर फुगून बसलं होतं. सोलापुरात भरलेली हवा आत होती आणि बाहेर तिला दाबायला पुरेशी हवा नव्हती. आम्ही ते हलक्या हातानं उघडलं, तेव्हा छोटासा उसासा ऐकू आला आणि खोलीभर लसणाचा वास पसरला. कडक भाकरी मात्र होती तशीच होती. तिला समुद्रसपाटी आणि हिमालय सारखेच.

पहिले काही दिवस काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं, अशी सक्त ताकीद होती. मग बसल्या बसल्या मला प्रश्न पडत राहिले. इथं डाळ कुकरशिवाय शिजत नाही, मग कुकर नव्हता तेव्हा काय खायचे? एवढं कडक ऊन, आणि सावलीत पाऊल टाकलं की थंडी कशी वाजते? सोलापुरात सावलीही तापलेली असते. इथं उन्हाची हद्द भिंतीच्या कडेला चक्क संपते. ओठ फुटत होते, नाक आतून कोरडं पडत होतं आणि एका बाबतीत मला अगदी घरच्यासारखं वाटत होतं. ढग दिसला म्हणून लोक हुरळून जात नव्हते. गच्चीवर धान्य नि जर्दाळू वाळवणारी, पाणी जपून ओतणारी ही कोरडवाहू माणसं मला आपलीच वाटली. फक्त आपल्याकडं जमीन आडवी आहे आणि त्यांच्याकडं उभी.

चढ सुरू झाला तो लेहमधूनच. पहाटेच निघालो, कारण आम्हाला दुसरं काही माहीतच नाही. रस्ता गुळगुळीत होता, वळणं घेत घेत वर जात होता आणि प्रत्येक वळणावर लेहची हिरवी पट्टी आणखी लहान होत होती. पहिल्या तासाभरात मी मनातल्या मनात रेल्वेच्या पुलाचे आभार मानले. दुसऱ्या तासात पुलाची आठवण येईनाशी झाली. पाय दुखत नव्हते, हे नवल. पाय तयार होते, म्हणेल तेवढे फिरायला राजी होते. हवाच मिळत नव्हती. सोलापूरच्या वाऱ्यानं आमचे पाय घडवले होते आणि इथं परीक्षा दुसऱ्याच विषयाची निघाली.

आणि ऊन! थंडी पळाली होती आणि सूर्य डोक्यावर असा आला की मे महिना पाठोपाठ आल्यासारखा वाटावा. कातडी चरचरायला लागली. रस्त्याच्या कडेनं वितळलेल्या बर्फाचा ओढा खळखळत येत होता. सोलापूरच्या माणसाला ऊन लागलं आणि पाणी दिसलं की त्याचा हात आपोआप खांद्याकडं जातो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. दोघींनीही टॉवेल काढले, नान्नांनी विणलेले, जाड, लोकरीसारखे, ओढ्यात बुडवले आणि डोक्याला, मानेला गुंडाळले. आहाहा! शिवलीलानं तर डोळेच मिटले. "आता कसं बरं वाटलं बघ," ती म्हणाली. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या माणसानं काच खाली करून हातवारे केले, आम्ही त्याला हात हलवून टाटा केलं. तो काय सांगत होता ते आम्हाला पुढच्या वळणावर कळलं.

वळण घेतलं आणि डोंगराची सावली लागली. सूर्य ढगात गेला. वरून वारा सुटला, आपला नव्हे, बर्फावरून आलेला. विज्ञानाच्या बाईंना बाष्पीभवनानं गारवा कसा निर्माण होतो हे तोंडपाठ होतं. माठ, ओलं फडकं, सगळी उदाहरणं पाठ. पण ते सगळं सोलापुरी उन्हाच्या हिशेबानं. डोक्यावरचा टॉवेल बघता बघता गारठला, त्याच्या कडा ताठ झाल्या, दात वाजायला लागले. बोटांना ब्रेक धरवेना. काढून टाकावा हेही लवकर सुचलं नाही, कारण उन्हात गेलं की ओला टॉवेल डोक्यावर असायचाच, काढायचा कशाला? कुडकुडत, ढकलत, कशाबशा आम्ही साउथ पुल्लूच्या तपासणी नाक्यापर्यंत पोहोचलो. तिथं एका चहाच्या टपरीत शिरलो तर आतल्या बाईनं माझ्या डोक्याला हात लावला आणि ओरडलीच, "गीला? दीदी, गीला कपड़ा बाँधा है? यहाँ?" तिनं तो टॉवेल ओढून काढला, शेकोटीजवळ बसवलं, आपली लोकरीची ओढणी माझ्या मानेभोवती घट्ट बांधली. शिवलीला कन्नडमध्ये कुणाला तरी शिव्या घालत होती. बहुधा सूर्याला.

बाईला आम्ही आमच्याकडं उन्हाळ्यात काय करतो ते सांगितलं. तिला ते अजिबात खरं वाटेना. ऊन एवढं तापतं की माणूस पाणी डोक्यावर घेऊन फिरतो, या गोष्टीवर ती इतकी हसली की तिलाच दम लागला. मग ती चुलीपाशी हात टेकवून शांत उभी राहिली. हसू ओसरलं नव्हतं, चेहरा तसाच खुलला होता, फक्त बोलणं थांबलं होतं. श्वास जागेवर आला आणि तिनं राहिलेलं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचललं. मी बघत राहिले. घरी नान्ना असेच थांबतात आणि आम्ही सगळे घाबरून त्यांच्याकडं धावतो.

त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. अंग शेकत त्या टपरीच्या दारात बसले आणि बाहेर बघत राहिले. गाड्या येऊन थांबत होत्या. त्यातून उतरलेला एक धडधाकट तरुण, दंड फुगलेले, फोटो काढायला म्हणून पळत निघाला आणि चार पावलांवर गुडघ्यांवर हात टेकवून उभा राहिला. नवी नवरी थांबली, नवरा थांबला. पोती उतरवणारे दोघे प्रत्येक पोत्यामागं थांबत होते. एक स्थानिक आजोबा, हातात जपमाळ, वर येत होते. ते थोडं चालायचे, उभे राहायचे, डोंगराकडं बघायचे, पुन्हा चालायचे. बंदूक खांद्यावर घेतलेला एक जवान चौकीच्या पायऱ्या चढता चढता मध्येच थबकला, कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला आणि वर गेला. आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. कुणी पाणी घेऊन धावत नव्हतं. थांबणं हा तिथं चालण्याचाच भाग होता. मी फोन काढला आणि बर्फाच्या शिखरांकडं पाठ करून थांबलेल्या माणसांचं चित्रण करायला लागले. शिवलीला म्हणाली, "अगं, डोंगर तिकडं हाय!"

अंग गरम झालं, कोरडे कपडे चढवले आणि आम्ही पुढं निघालो. वरचा रस्ता उखडलेला, चिखलाचा, मध्येच बर्फाच्या पाण्यानं वाहणारा. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत जायचं आणि उभं राहायचं, एवढाच कार्यक्रम. हँडलवर डोकं टेकवायचं. छाती भात्यासारखी हलत असायची आणि तरीही आत काही पोहोचत नाही असं वाटायचं. एकदा शिवलीलाला 'ट्रक येतोय' असं सांगायचं होतं, तर आधी ठरवावं लागलं की दोनपैकी कुठला शब्द टाकायचा. मी 'ट्रक' एवढंच म्हटलं. आणि त्याच क्षणी मला नान्ना आठवले. ते इतकं थोडं का बोलतात, प्रश्नाला आधी मान का हलवतात, वाक्याच्या मध्येच नजर का लांब लावतात, हे माझ्या छातीला कळलं. मी त्या वळणावर रडले. थंडीनं डोळ्यांतून तसंही पाणी येत होतं, त्यामुळं शिवलीलाला कळलं नाही. कळलं असेल तरी बोलायला तिच्याकडं हवा नव्हती.

खिंडीत पोहोचलो तेव्हा हिमकण पडत होते. लोक म्हणतात की वर पोहोचल्यावर काहीतरी मोठं वाटतं. मला भूक लागली होती. रंगीत पताका फडफडत होत्या, पाटीसमोर फोटोसाठी रांग होती, शिवलीलानं घरच्यांना दाखवायला पाटीला मिठी मारून फोटो काढला. फार वेळ थांबू नका असं तिथं लिहिलेलंच असतं. आम्ही चहा घेतला, फुगलेल्या दुसऱ्या पाकिटातली चटणी कडक भाकरीवर घेऊन खाल्ली आणि लेहला परतणाऱ्या एका गाडीत सायकली टाकून उतरलो.

घरी आले तेव्हा सोलापूर अजून तापलेलंच होतं. नान्ना खाटेवर माझी वाट बघत बसले होते. मी फोनवर बर्फाचे फोटो उघडले, ते त्यांनी भराभर पुढं सरकवले. "लोकं दाखव." मी ते चित्रण लावलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो का थांबला?"

"दम लागला म्हणून."

"गाडीतनं आला न्हवं? गाडीतनं येऊन बी?"

"सगळ्यांनाच लागतो तिथं."

"जवान गडी हाय की गं ह्यो!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचं तरुणपण दिसलं. "आन ह्यो मिल्ट्रीवाला? ह्यो बी? परत लाव, परत लाव." जवान पायरीवर थबकला, कंबरेवर हात ठेवला, वर गेला. नान्नांनी ते पुन्हा पुन्हा बघितलं. मग हळूच विचारलं, "त्येला कुणी इचारलं न्हाय, काय झालं म्हून?"

"नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही, नान्ना."

त्यांनी फोन बाजूला ठेवून माझ्याकडं बघितलं. "आन तुला कसं झालं? खरं सांग."

मी सांगितलं. घास चावून गिळावा तसा एकेक श्वास घ्यावा लागतो. पाय 'जातो' म्हणतात आणि छाती 'नको' म्हणते. बोलायचं तर शब्द निवडावे लागतात. आणि समोरचं माणूस आपल्याकडं काळजीनं बघायला लागलं तर त्याला 'मी बरी आहे' हे सांगायलाही हवा उरत नाही. नान्ना ऐकत होते. त्यांची मान हळूहळू हलत होती. "व्हय," ते म्हणाले. "तसंच. आगदी तसंच." इतक्या वर्षांत त्यांना या एका गोष्टीत सोबत मिळाली नव्हती. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ते चित्रण पुढं गल्लीतल्या यच्चयावत माणसांना दाखवलं गेलं. दूधवाल्याला, शेजारच्या मामींना, मीटर बघायला आलेल्याला. मी मुद्दाम काही बोलत नव्हते. चाला म्हटलं की माणूस बसतो, हे मला तोवर कळलं होतं.

त्याला आता काही वर्षं झाली. छातीतला कापूस काही निघालेला नाही, तो निघत नसतो. गेल्या वर्षी नान्ना कोपऱ्यावरच्या हॉटेलपर्यंत जाऊन चहा पिऊन यायचे, यंदा त्याच्या अलीकडच्या मारुतीपर्यंतच जातात. पण जातात. रोज सकाळी, ऊन व्हायच्या आत. वाटेत हव्या तिथं उभे राहतात आणि उभं राहिल्यावर चांगलं न्याहाळून बघतात, कुणाच्या दारात नवी रांगोळी आहे, कुठला माग बंद पडलाय. मला कधी कधी वाटतं, त्यांच्याइतकी आमची गल्ली कुणी बघितलेलीच नाही. आम्ही सगळे नुसते तिच्यातून जातो.

पण मला आठवते ती पहिली सकाळ. जून अर्धा सरला होता. मी शाळेला निघत होते आणि ते सदरा घालून दारात उभे होते. मग खाली उतरले. मी सायकल हातात धरून मागं मागं चालू लागले. आमच्या घराच्या ओळीच्या टोकाला किराणा दुकान आहे. तिथपर्यंत ते गेले आणि रस्त्याच्या मधोमध थांबले. एक हात कंबरेवर ठेवला. श्वास घरघरत होता. दुकानदार गल्ला सोडून धावतच बाहेर आला.

"मामा! काय झालं मामा? बसा, बसा हितं. पाणी आणू?"

मी पुढं सरसावले, सात रस्त्याची ती गर्दी माझ्या डोळ्यांसमोर आली. नान्नांनी मला हातानं अडवलं. त्यांनी एक श्वास घेतला, मग आणखी एक. कुणाचीही घाई नसल्यासारखा तिसरा घेतला.

"काय न्हाय झालं," ते म्हणाले. "चढ हाय."

दुकानदारानं रस्त्याकडं बघितलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "चढ? मामा, हितं कुटला चढ? सगळं सपाट हाय की."

"तुला हाय सपाट," नान्ना म्हणाले, आणि पुढं चालू लागले.